इंटरनेटच्या लहरी आणि रुग्णाचा ईसीजी

टॉवरच्या लहरींनी कॅन्सर होतो का, हा प्रश्न आम्हा डॉक्टरांना नेहमी विचारला जातो. इंटरनेट बिनतारी पोहोचवण्याच्या नव्या पद्धतींमुळे रुग्णालयांपुढे मात्र वेगळाच प्रश्न उभा राहतो. या लहरी रुग्णाच्या शरीराला नाही, पण त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या उपकरणाला अडथळा करतील का?

हृदयविकाराचा रुग्ण अतिदक्षता विभागातून बाहेर आला की काही रुग्णालयांत त्याच्या छातीला इलेक्ट्रोड लावून खिशात छोटा ट्रान्समीटर देतात. रुग्ण वॉर्डात हिंडू शकतो आणि त्याचा ईसीजी रेडिओलहरींवरून परिचारिकांच्या पडद्यावर दिसत राहतो. याला टेलिमेट्री म्हणतात. बॅटरीवरचा हा ट्रान्समीटर अगदी क्षीण असतो. त्याच फ्रिक्वेन्सीवर शक्तिशाली प्रक्षेपण सुरू झाले, तर त्याचा संदेश बुडून जातो.

हे घडलेले आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये अमेरिकेतील डॅलस शहरात एका टीव्ही केंद्राने डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी सुरू केली आणि बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयातील टेलिमेट्री कोलमडली. सुदैवाने कोणत्याही रुग्णाला इजा झाली नाही. केंद्राने कोणताही नियम मोडलेला नव्हता. रुग्णालयाची उपकरणे तोवर रिकाम्या असलेल्या टीव्ही चॅनेलवर चालत होती आणि त्या जागेवर त्यांचा हक्क दुय्यम होता.

या घटनेनंतर, २००० मध्ये, अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने वैद्यकीय टेलिमेट्रीसाठी स्वतंत्र पट्टे राखून ठेवले. त्यांतला एक ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे तिथला ३७ क्रमांकाचा टीव्ही चॅनेल. एक अट मात्र होती: रुग्णालयाने आपल्या उपकरणांची नोंदणी करायची.

पुढे ब्रॉडबँडची नजर रिकाम्या टीव्ही चॅनेलांकडे वळली. या लहरी झाडेझुडपे आणि भिंती ओलांडून दूरवर पोहोचतात, त्यामुळे खेड्यापाड्यांत इंटरनेट नेण्यासाठी त्या सोयीच्या आहेत. २०१५ मध्ये आयोगाने ३७ व्या चॅनेलवरही अशा उपकरणांना सशर्त वाट दिली. रुग्णालयांच्या संघटनांनी आणि उपकरण उत्पादकांनी आधीच हरकत घेतली होती. शेवटी तोडगा निघाला तो अंतराचा. इंटरनेटचे उपकरण आधी नोंदवही तपासणार आणि नोंदलेल्या रुग्णालयापासून ठरलेले अंतर राखणार. साहजिकच, नोंद नसलेल्या किंवा चुकीची नोंद असलेल्या रुग्णालयाला या व्यवस्थेचे संरक्षण नाही.

आपल्यासाठी मुद्दा इथेच आहे. हे आरक्षण अमेरिकेच्या नियमांतले आहे, त्या देशाबाहेर ते लागू होत नाही. भारतात २०२२ च्या स्पेक्ट्रम लिलावात ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाईल सेवेसाठी ठेवला गेला होता. तेव्हा त्याला बोली लागली नाही, पण उद्या लागू शकते. शिवाय बिनतारी उपकरणे २.४ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातही चालतात. तिथे तर वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची आधीच दाटी आहे.

म्हणून इंटरनेटला विरोध करण्याचे कारण नाही. दूरच्या आरोग्य केंद्रातून तज्ज्ञाकडे ईसीजी पाठवायचा तर तेच लागते. गरज आहे ती हिशेबाची. बिनतारी मॉनिटर खरेदी करताना किंमत आणि वॉरंटीबरोबर तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि त्याला भारतात मान्यता आहे का, हे विचारायला हवे. उत्तर रुग्णालयाच्या नोंदवहीत लिहून ठेवायला हवे आणि परिसरात नवा टॉवर किंवा वाय-फाय बसवण्यापूर्वी ती नोंदवही उघडायला हवी.

परिचारिकांसाठी आणि नातेवाइकांसाठीही एक गोष्ट महत्त्वाची. पडद्यावरची रेघ अचानक सपाट झाली किंवा 'सिग्नल नाही' असे दिसले, तर यंत्राशी झटापट करण्याआधी रुग्णाकडे पाहावे, त्याची नाडी तपासावी. तो ठीक असेल, तर मग यंत्राकडे वळावे. असा खंड पुन:पुन्हा पडत असेल, तर तारीख-वेळ लिहून ठेवावी. कारण रोज ठरावीक वेळी येणारा बिघाड बहुधा यंत्रातला नसतो, तो बाहेरून येत असतो.