आर्मेरोच्या हाती अडीच तास होते

ज्वालामुखी म्हटले की डोळ्यांपुढे तांबडा लाव्हा येतो. पण बहुतेक लाव्हा इतका संथ सरकतो की माणसाला चालत दूर जाता येते. जीव घेतात ते तप्त वायू आणि राखेचे लोट, आणि राखेचा चिखल.

कोलंबियातील नेवाडो देल रुईझचा १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्रीचा उद्रेक तसा लहानच होता. त्याने शिखरावरचे थोडे बर्फ वितळवले. ते पाणी राख, माती, धोंडे ओढत नदीपात्रांतून धावले आणि सुमारे अडीच तासांनी आर्मेरोवर कोसळले. सुमारे २३ हजार माणसे गेली, बहुतेक या एकाच गावातली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता, त्यात आर्मेरो होते. तरीही त्या संध्याकाळी राख पडत असताना लोकांना घरीच शांत राहण्यास सांगितले गेले. याला निसर्गाचा कोप म्हणणे आम्हाला मान्य नाही. गाव हलवण्याचा हुकूम कोणी द्यायचा, हे वेळेत ठरले नाही, म्हणून ही माणसे मेली.

१९९१ मध्ये फिलिपिन्सच्या पिनाटुबोचा उद्रेक कितीतरी मोठा होता. तिथे शास्त्रज्ञांचे ऐकले गेले, हजारो लोक आधीच हलवले गेले आणि वाचले. मात्र पुढची कित्येक वर्षे पावसाळ्यात हाच चिखल उतारांवरून खाली येत राहिला. त्यामुळे स्थलांतराची तरतूद काही आठवड्यांपुरती करून भागत नाही; विस्थापितांची शेती, रोजगार आणि मुलांच्या शाळा तीत पहिल्यापासून धराव्या लागतात.