चवदार तळे, ‘समाजस्वास्थ्य’ आणि एका लसीचे पूर्ण नाव

१/ महाड म्हटले की २० मार्च १९२७ आठवतो, आणि तो आठवलाच पाहिजे. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. पुढे या दोन घटनांचे धागे एका न्यायालयात एकत्र आले. आजचा थ्रेड त्या धाग्यांविषयी आहे, आणि महाड-पोलादपुरातील मुलींना मिळायला हव्या अशा एका लसीविषयी.

२/ आधी महाड. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. यातील ‘दवाखाने’ या शब्दावर आपण क्वचितच थांबतो. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून ठराव केला. तरीही तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत यायला १९२७ उजाडावे लागले.

३/ ओंजळ भरली आणि त्याच दिवशी परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पाठोपाठ १०८ घागरींनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. पाणी कालचेच होते. विटाळ पाहणाऱ्याच्या मनात होता, आणि त्याची शिक्षा तहानलेल्याला मिळाली. तळ्याविषयीचा उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ चा, म्हणजे बोले ठरावानंतर साडेतेरा वर्षांनी.

४/ आता कर्वे. ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि या प्रचारापायी विल्सन महाविद्यालयातील नोकरी गमावली. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे त्यांचे पुस्तक. लैंगिक रोगांची माहिती हा आरोग्याचा विषय आहे, ती दडवल्याने कोणी सदाचारी होत नाही, ही त्यांची भूमिका होती.

५/ १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला. निमित्त होते वाचकांच्या लैंगिक शंकांना मासिकातून दिलेल्या उत्तरांचे. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण चवदार तळ्याच्या नेत्याने हे वकीलपत्र घेतले, ही गोष्ट महाडकरांनी तरी विसरू नये.

६/ या रोगांवरचा कलंक आला कुठून? एक मूळ कायद्यात सापडते. १८६८ च्या संसर्गजन्य रोगविषयक कायद्याने वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू केली. संसर्ग दोघांत होत असे. नोंदवहीत नाव मात्र एकीचेच चढे. कायदा १८८८ मध्ये रद्द झाला, पण ती नोंदवही समाजाच्या मनात अजून उघडीच आहे.

७/ आता वर्तमान. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, अर्थात एचपीव्ही, हा लैंगिक संपर्कातून पसरणारा विषाणू आहे. तो इतका सर्वसाधारण आहे की लैंगिक जीवन असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधीतरी गाठतो. बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींमध्ये तो टिकून राहतो आणि पुढे अनेक वर्षांनी गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. हा संबंध उलगडणारे हाराल्ड त्सुर हाऊझेन यांना २००८ चे नोबेल मिळाले.

८/ २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात या कर्करोगाच्या सुमारे सव्वा लाख नव्या रुग्ण आढळल्या आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया दगावल्या. तो रोखता येतो, याचा एक भक्कम पुरावा महाराष्ट्रातच तयार झाला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

९/ तपासणी रोग लवकर पकडते. लस संसर्गच रोखते. लसीत विषाणू नसतो, त्याच्या कवचासारखी प्रथिने असतात, म्हणून तिच्यामुळे हा संसर्ग होऊ शकत नाही. दंड दुखणे, थोडा ताप, क्वचित भोवळ हे तिचे नेहमीचे त्रास. संसर्गाची शक्यता निर्माण होण्यापूर्वी, ९ ते १४ या वयात, ती सर्वाधिक उपयोगी पडते. भारतीय बनावटीची लस जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बाजारात आणली.

१०/ आक्षेप पहिला : ‘आमच्या घरातल्या मुलींना याची गरज नाही.’ या वाक्यात नोंदवही पुन्हा उघडते. जन्मभर एकाच पुरुषाशी संसार केलेल्या स्त्रीलाही पतीकडून हा संसर्ग होऊ शकतो. विषाणू कुळ विचारत नाही आणि शील तपासत नाही. धनुर्वाताची लस घेणाऱ्याला ‘तू गंजक्या खिळ्यावर पाय देणार आहेस काय?’ असे आपण विचारत नाही. मग हा प्रश्न मुलीलाच का?

११/ आक्षेप दुसरा हितचिंतकांचा आहे, म्हणून अधिक गंभीर : ‘लोक बिथरतील. लैंगिक संसर्गाचा उल्लेख टाळा, नुसती कॅन्सरची लस म्हणा.’ मला हे मान्य नाही. पालकांना खरे कधीतरी कळणारच, आणि ते व्हॉट्सॲपवरच्या एखाद्या विखारी संदेशातून कळले तर ‘आमच्यापासून लपवले’ ही भावना लसीलाच गिळून टाकेल.

१२/ याचा अनुभव देशाने घेतला आहे. २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे एचपीव्ही लसीचे प्रकल्प राबवले गेले. सात मुलींच्या मृत्यूंनंतर ते थांबले. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण संमतीतील गंभीर दोष उघड झाले : वसतिगृहातील मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने यावर कठोर ताशेरे ओढले.

१३/ त्या आदिवासी मुलींच्या आईबापांना विचारण्याचीच गरज कोणाला वाटली नाही. लसीविषयीचा संशय तिथे रुजला आणि वर्षानुवर्षे टिकला. म्हणून लसीचे समर्थन करणाऱ्यांनीच आधी ही चूक कबूल करावी. पूर्ण माहिती आणि खरी संमती यांवाचून टोचलेली सुई पुढच्या दहा मुलींना लसीपासून दूर नेते.

१४/ आणि पुरावा? इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस देऊ केलेल्या पिढीत या कर्करोगाचे प्रमाण ८७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या शेजारच्या भूतानने २०१० मध्येच ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही पुरेशी ठरू शकते असे सांगितले. त्यामागे भारतातील अभ्यासाचाही पुरावा होता.

१५/ हे महाड-पोलादपुरासाठी का लिहायचे? इथले कितीतरी संसार दोन ठिकाणी चालतात : पुरुष मुंबईत चाकरीला, स्त्री गावी. अंगावर पांढरे जाणे किंवा अवेळी रक्त जाणे ती कोणाला सांगत नाही. सांगते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो, आणि परळचे टाटा रुग्णालय महाडहून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर असते. कशेडी आणि आंबेनळी घाटांच्या पायथ्याशी असलेल्या वाडीवरच्या मुलीला वेळेवर मिळालेली सुई हा प्रवास टाळू शकते.

१६/ तेव्हा मागणी स्पष्ट आहे. शाळांतील पालकसभेत या लसीची माहिती पूर्ण नावानिशी, मराठीत द्या. सभेला आईबरोबर वडिलांनाही बोलवा. मुलग्यांनाही सांगा, हा विषाणू पुरुषांतही कर्करोग घडवतो. लस घेतलेल्या मुलींनाही वयाच्या तिशीनंतर तपासणी लागतेच, हेही सांगा. आशाताईंवर एकट्याने बोलण्याचा भार टाकू नका. डॉक्टरांनी आणि शिक्षकांनी शेजारी उभे राहावे.

१७/ अस्पृश्यतेचा अन्याय आणि एका रोगाचा कलंक यांना मी एका तराजूत घालत नाही. तो अन्याय कितीतरी मोठा होता. पण विटाळाची कल्पना माणसाला हक्काच्या वस्तूपासून कशी दूर ठेवते, हे महाडइतके कोणत्या गावाने पाहिले आहे? १९२३ चा ठराव कागदावर होता. पाणी मिळण्यासाठी माणसांना तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या. लसही आज कुपीत आहे.

१८/ दर वर्षी २० मार्चला आपण तळ्याची छायाचित्रे टाकतो. यंदा त्यांच्यासोबत घरातल्या नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीसाठी जवळच्या आरोग्य केंद्रात या लसीची चौकशी करा. विचारताना आवाज खाली आणू नका. तो खाली आणला नाही म्हणूनच कर्व्यांना दंड झाला, आणि बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले.