गेमचा शेवट आणि दौंडचं इंजिन

गेमवर गप्पा सुरू झाल्या की मंडळी ग्राफिक्सवर बोलतात, कंट्रोल्सवर बोलतात, फारच झालं तर स्टोरीवर बोलतात. पण "तुला कुठल्या गेमचा शेवट लक्षात आहे?" असं विचारून बघा. बरेच जण गप्प होतात. ज्या गेमवर आयुष्याचे दोनशे तास घातले, तो संपला कसा हे आठवत नाही! सिनेमाचं असं होत नाही. मधली गाणी विसरतील, पण शेवट बरोबर सांगतील.

मग काही थोडे गेम असे का असतात, की ज्यांचा शेवट दहा वर्षांनीही डोक्यातून जात नाही? या वीकेंडला हाच विषय. (धोक्याची सूचना: खाली काही गेमचे शेवट सरळसरळ सांगितलेत. ज्यांना खेळायचे आहेत त्यांनी इथूनच परत फिरावं, राग नाही.)

आधी एक कबूल करायला हवं. आमच्या शिरूरकडच्या पोरांना गेमला शेवट असतो हेच मुळात उशिरा कळलं. टीव्हीला जोडायचा तो डबडा व्हिडिओ गेम, पिवळी कॅसेट, त्यावर 'नाइन नाइन नाइन नाइन इन वन' असं काहीतरी छापलेलं आणि आत खरे गेम जेमतेम दहा-बारा. त्यात कॉन्ट्रा. आठ स्टेज, सेव्ह करायची सोय नाही, आणि वर महाराष्ट्रभर लोडशेडिंग. त्यामुळे कॉन्ट्राचा आमच्याकडचा अधिकृत शेवट म्हणजे लाईट जाणे. सहाव्या स्टेजला पोचलेला माणूस अंधारात रिमोट हातात धरून बसलेला, आणि मागून कुणीतरी, "काय राव, जिंकलाच असता!"

खरा शेवट नंतर कधीतरी बघितला. एलियनचं धडधडणारं हृदय फुटतं, हेलिकॉप्टर उडतं, मागे आख्खं बेट स्फोटात जातं, अभिनंदनाच्या दोन ओळी आणि नावं. मग? मग पुन्हा पहिली स्टेज! मारिओचंही तसंच. सात किल्ल्यांवर "राजकन्या दुसरीकडे आहे" ऐकायचं, आठव्यात ती भेटते आणि म्हणते, आता आणखी अवघड मोहीम घे. म्हणजे शेवट हे बक्षीस नव्हतंच, पावती होती. १९८५-८८ सालच्या कार्ट्रिजच्या मेमरीत बिचारे याहून जास्त काय बसवणार?

त्यानंतर सायबर कॅफे आणि व्हाइस सिटी. तिथं मशीन सगळ्या गावाचं आणि सेव्ह करायला स्लॉट आठ. तुम्ही चार दिवस घाम गाळून मिशनं करावीत आणि पाचव्या दिवशी कुणीतरी तुमच्याच स्लॉटवर स्वतःची गाडी हाणलेली असावी. त्यामुळे शहाणी पोरं मिशनच्या भानगडीत पडत नसत. 'पँझर' टाइप करायचं, रणगाडा पडला की तासभर पोलिसांना पळवायचं, वीस रुपये द्यायचे, घरी. या गेमच्या शेवटी लान्स, म्हणजे पहिल्यापासून सोबत असलेला जोडीदार, उलटतो आणि त्याला गच्चीवर गाठून मारावं लागतं. आमच्या कॅफेतल्या बहुतेकांना हे माहीतच नव्हतं. त्यांच्यासाठी तो गेम म्हणजे एक मोठं मैदान.

आता मुद्द्यावर येतो. शेवट लक्षात राहायला काय लागतं? लोक म्हणतात ट्विस्ट लागतो. मला नाही पटत. ट्विस्ट तर हल्ली बिस्किटाच्या जाहिरातीतही असतो. कुणी म्हणतं भव्य ॲनिमेशन लागतं. तेही नाही. भव्य ॲनिमेशन चालू असताना आपण रिमोट खाली ठेवून पाणी प्यायला जातो.

माझं मत असं: गेमचा शेवट कथेत नसतो, हातात असतो. पूर्ण गेमभर जी गोष्ट करायची तुमच्या बोटांना सवय लागली, तीच शेवटी पुन्हा करायला लावतात, पण आता तिचा अर्थ उलटलेला असतो.

याला माझ्याकडे दौंडचं उदाहरण आहे. मामाचं घर दौंडला, त्यामुळे स्टेशनवर बरंच बालपण गेलं. पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली की इंजिन सोडून मागच्या टोकाला नेऊन जोडायचे, कारण मनमाडचा फाटा उलट्या बाजूने निघतो. (आता कॉर्ड लाइन झाल्यापासून काही गाड्या दौंड जंक्शनात न शिरता परस्पर जातात.) गाडी हलली की लहान पोरं गोंधळायची. डबा तोच, सीट तीच, खिडकी तीच, पण आत्तापर्यंत तोंड पुढे होतं ते आता मागे! चांगला शेवट हे असं इंजिन फिरवतो. नवीन डबा जोडत नाही.

रेड डेड रिडेम्प्शन (२०१०) घ्या. यात 'डेड आय' नावाची युक्ती आहे. बटण दाबलं की वेळ मंद होते, शत्रूंवर एकेक खूण करायची, मग धडाधड गोळ्या. आख्खा गेम हे बटण जॉन मार्स्टनला वाचवतं. मोठी मोहीम संपते, जॉन घरी येतो. मग गेम तुम्हाला गुरं वळायला लावतो, धान्याची राखण करायला लावतो, पोराला शिकारीला न्यायला लावतो. कंटाळा येईल इतपत साधं घर. आणि मग एक दिवस लष्कर दारात. बायको-पोराला घोड्यावर बसवून जॉन खळ्याच्या दारात उभा राहतो, दार ढकलतो, आणि वेळ आपोआप मंद होते. तुम्ही सवयीने खुणा करायला लागता. एक, दोन, तीन, चार... आणि लक्षात येतं की समोर माणसं जास्त आहेत. बटण तेच आहे, तुम्ही चुकलेला नाही, तरी पुरणार नाही. ते काही सेकंद बाहेर बसून बघणाऱ्याला नुसता सीन वाटतील. ज्याच्या हातात कंट्रोलर आहे त्याला ते मनगटात कळतात.

दुसरं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम (२००३). यातली युक्ती म्हणजे वेळ मागे फिरवणारा खंजीर. दरीत पडलात, खंजीर वापरा, पुन्हा काठावर. गेमभर राजपुत्र आपली गोष्ट कुणाला तरी सांगत असतो. तुम्ही मेलात की तोच म्हणतो, नाही नाही, असं झालं नव्हतं. आपल्याला वाटतं ही एक गंमत आहे. शेवटी कळतं की तो ही गोष्ट फराहला सांगतोय. फराह हिंदुस्थानच्या महाराजाची मुलगी, गेमभर त्याच्या सोबत लढलेली आणि शेवटाजवळ मेलेली. तिला वाचवायला त्याने सगळा काळच मागे फिरवलाय, म्हणून ती जिवंत आहे. पण आता ती त्याला ओळखतच नाही! ती विचारते, तुझं नाव काय? आणि तो एक शब्द सांगतो, जो तिने लहानपणी आईकडून शिकलेला आणि फक्त त्यालाच कधीतरी सांगितलेला असतो: काकोलूकीयम.

हा शब्द ऐकून जगभरच्या खेळाडूंना काहीतरी गूढ मंत्र वाटला असेल. पण आपल्याकडे पंचतंत्र वाचलेल्याला हसू येईल. कावळे आणि घुबडांच्या वैराची गोष्ट, पंचतंत्राचं तिसरं तंत्र! असो. सांगायचं हे की 'मागे फिरवणे' ही गोष्ट तुम्ही गेमभर शंभर वेळा फुकटात केलेली असते. तिची खरी किंमत काय, हे शेवटच्या पाच मिनिटांत कळतं. चूक पुसली जाते, पण ओळखही पुसली जाते.

आणि तिसरं, नियर: ऑटोमाटा (२०१७). याच्या खऱ्या शेवटी श्रेयनामावली येते आणि त्या नावांशीच लढायचं असतं. एकट्याने जमत नाही. हरता, हरता, आणि मग कुठल्या कुठल्या देशांतले अनोळखी खेळाडू मदतीला येतात. जिंकल्यावर गेम विचारतो, तुलाही असंच कुणाच्या मदतीला जायचंय का? मग तुझे सगळे सेव्ह पुसावे लागतील. आणि 'हो' म्हटलं तर खरंच पुसतो! कॅफेत कुणी आपला सेव्ह उडवला की शिव्या देणारे आपण, इथं आपल्या हाताने उडवतो. आमच्याकडे गावात सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन असतं. सात दिवस नुसतं ऐकलं तरी चालतं, पण शेवटी दहीलाह्यांचा काला हातावर पडल्याशिवाय सप्ताह संपला असं वाटत नाही. ऐकणारा तिथं भागीदार होतो. नियरचा शेवट त्या जातीचा आहे.

उलट, फसलेले शेवट बघा. मास इफेक्ट ३ (२०१२) वर लोक इतके भडकले की कंपनीला त्याच वर्षी जूनमध्ये वाढीव शेवट फुकट द्यावा लागला. तीन गेमभर तुम्ही शेकडो निर्णय घेतले, आणि शेवटी काय, तर तीन पर्यायांतला एक निवडा. म्हणजे हाताने केलेल्या कामाचा हिशेबच नाही.

आपल्या पुण्याचंही उदाहरण आहे. नोडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' (२०२०). २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे जमले नाहीत, तरी या लोकांनी गेम पुरा केला आणि निन्टेंडो स्विचवर नेला. इथल्या गेम करणाऱ्यांसाठी हे फार मोठं काम आहे. राखीपौर्णिमेला असुरांनी पळवलेला धाकटा भाऊ गोलू आणि त्याला शोधणारी डोंबाऱ्यासारखी कसरत करणारी राजी. दिसायला तर इतका सुंदर की जिने चढताना थांबून भिंती बघाव्यात. पण पाच-सहा तासांनी गेम एकदम तुटतो. अनेक समीक्षकांनी हेच लिहिलं. भावासाठी एवढी धाव घेतलेल्या हाताला शेवटी काही धरायलाच मिळत नाही. पुढच्या भागाची घोषणा २०२५ मध्ये झाली आहे, आणि मी पहिल्या रांगेत उभा आहे. पण दार पुढच्या भागासाठी उघडं ठेवणं वेगळं आणि चौकट न बसवणं वेगळं.

कुणी म्हणेल, एवढी डोकेफोड कशाला? शेवटापर्यंत पोचतं कोण? हे खरं आहे. स्टीमवर कुठल्याही लांबलचक गेमची अचिव्हमेंट्स उघडा, पहिल्या मिशनच्या टक्केवारीपुढे शेवटच्या मिशनची टक्केवारी बिचारी दिसते. म्हणून तर कंपन्यांनी शेवट हा प्रकारच काढून टाकायला घेतलाय. सीझन संपला, की नवा सीझन. मी गेम बनवत नाही, पण ॲप बनवतो, त्यामुळे स्वयंपाकघर माहीत आहे. आमच्या धंद्यात माणूस समाधानाने उठून गेला काय आणि वैतागून गेला काय, डॅशबोर्डवर दोघांना 'चर्न'च म्हणतात आणि लाल रंगात दाखवतात. शेवट म्हणजे माणसाला उठायची परवानगी. ती कोण देईल?

पण माणसाला शेवट लागतोच, आणि कुणी दिला नाही तर तो स्वतः करतो. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. आधीपासून फोनमध्ये असलेल्यांचा गेम मात्र ३० ऑक्टोबरपर्यंत चालू राहिला. माझा दौंडचा मामेभाऊ तेव्हा दहावीत. शाळा बंद, चौघांची टोळी, चौघे चार घरांत कोंडलेले. शेवटच्या रात्री मी त्याला विचारलं, "काय, आज किती चिकन डिनर?" तर म्हणाला, "नाही दादा, आज मारामारी नाही. जीपमध्ये चौघं बसलो, आख्खा नकाशा फिरलो, डोंगरावर जाऊन उभे राहिलो. मग झोन आला."

झोन आला! म्हणजे मैदान आकसत आकसत आलं आणि चौघं एकत्र गेले. दोन वर्षं ज्या झोनपासून जिवाच्या आकांताने पळाले, त्याच्यात मुद्दाम उभे राहिले. हा शेवट कुणा लेखकाने लिहिला नव्हता. पण इंजिन बरोबर फिरलं होतं. पुढे २०२१ मध्ये बीजीएमआय आला, तो २०२२ मध्ये दुकानातून काढला, २०२३ मध्ये परत आला. मामेभाऊ तोही खेळला. पण त्या गेममधलं त्याला काय आठवतं असं विचारलं तर तो डोंगरच सांगतो.

म्हणून मला शेवट ही चैनीची गोष्ट वाटत नाही. मैफल कितीही रंगली तरी भैरवी झाली की लोक उठतात, आणि उठताना तोंडात तीच गुणगुण असते. भैरवी नसलेल्या मैफलीतून माणूस फक्त झोप अनावर झाली म्हणून उठतो. आज शिरूर-दौंडच्या पोरांच्या हातात जे गेम आहेत त्यातले बरेच दुसऱ्या जातीचे आहेत, आणि ते तसे मुद्दाम केलेले आहेत. त्या पोरांवर "किती वेळ खेळतोस" म्हणून ओरडण्यापेक्षा त्यांना एखादा संपणारा गेम द्या, आणि तो संपवू द्या. सँड्स ऑफ टाइम आजही जुन्यापान्या लॅपटॉपवर चालतो.

आणि पुण्यात बसून गेम लिहिणाऱ्या मित्रांना एकच विनंती: कोड लिहायच्या आधी ठरवा, शेवटच्या क्षणी खेळणाऱ्याचं बोट कुठल्या बटणावर असेल. ते ठरलं, की बाकीचा गेम त्या बोटाला तयार करण्यासाठीच असतो.