हिरवा दिवा लागला, सूर लागला का?

फेस्टचा सीझन आला की कॉलेजच्या ग्रीन रूममध्ये हे दृश्य हमखास दिसतं. कोपऱ्यात ढोलकीवाला हात मोकळा करतोय, नाटकवाले जोरजोरात पाठांतर करतायत आणि तुम्ही फोनमधलं ट्यूनर ॲप गिटारच्या तोंडाशी धरून बसलात. ॲपचा काटा वेड्यासारखा नाचतोय. त्यात ॲपची चूक काहीच नाही. फोनचा माइक हवेतला सगळा आवाज ऐकतो, त्याला तुमची तार वेगळी काढता येत नाही.

म्हणून क्लिप-ऑन ट्यूनर. गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा. तो हवेतला आवाज न ऐकता लाकडातून येणारी कंपनं पकडतो, त्यामुळे शेजारी ढोल वाजला तरी फारसं बिघडत नाही. काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळतो. घरी शांत खोलीत वाजवत असाल तर फुकटचं ॲप पुरेसं आहे. स्टेजवर जाणार असाल, तर हा खर्च वसूल होतो.

पण कुठला घ्यायचा? ऑनलाइन गेलात तर रंग, स्टार आणि डिस्काउंट यांच्यातच हरवाल. बघायच्या गोष्टी खरं तर चारच.

पहिली, क्रोमॅटिक मोड. नुसत्या गिटार मोडमध्ये ट्यूनर सहा तारांचेच सूर ओळखतो. तार खूप उतरलेली किंवा चढलेली असेल तर तो भलत्याच तारेचं नाव दाखवू शकतो, तुम्ही विश्वासाने खुंटी पिळत जाता आणि तार तुटते. क्रोमॅटिक मोड बाराही सूर दाखवतो. युकुलेले, व्हायोलिन, सतार, सगळ्यांना तोच लागतो.

दुसरी, कॅलिब्रेशन. म्हणजे ‘ए’ हा सूर 440 हर्ट्झवरून वरखाली करायची सोय. याचं काम पुढे कळेल.

तिसरी, डिस्प्ले. स्टेजच्या दिव्यांत आणि मैदानातल्या उन्हात दिसतो का? काटा थोड्या फरकालाही हलतो का, की तीनच दिवे आहेत: लाल, हिरवा, लाल? दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. स्वस्त ट्यूनर काही सेंटचा फरक असला तरी हिरवा दिवा लावून मोकळा होतो. महागडे स्ट्रोब प्रकारचे ट्यूनर सेंटचाही लहान भाग दाखवतात.

चौथी, बॅटरी. बहुतेकांत नाण्यासारखा सेल असतो. तो आयत्या वेळी गल्लीतल्या दुकानात मिळेलच असं नाही. एक जास्तीचा केसमध्ये टाकून ठेवा.

खरेदीचा विषय इथे संपला. पण हा डबी एवढा ट्यूनर आपल्या कानाला एक मोठी गोष्ट न सांगता शिकवतोय, तीही समजून घ्या.

‘ए म्हणजे 440 हर्ट्झ’ हा काही निसर्गाचा नियम नाही. 1939 मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो आकडा ठरला आणि 1955 मध्ये आयएसओने त्याची शिफारस केली. त्यात भर म्हणजे ट्यूनर सप्तकाचे बारा अगदी सारखे तुकडे करतो. त्याला समविभाजित सप्तक म्हणतात. पियानो, कीबोर्ड, गिटार यांच्यासाठी ही सोय उत्तम. गिटारच्या पट्ट्या त्याच हिशोबाने ठोकलेल्या असतात, त्यामुळे कुठलीही कॉर्ड कुठूनही वाजवता येते.

पण तानपुऱ्याचा हिशोब वेगळा. षड्जाच्या तारेतूनच गंधार आपोआप ऐकू येतो, तो सा पासून साधारण 386 सेंटवर. ट्यूनरचा गंधार 400 वर. फरक 14 सेंटचा, म्हणजे तयार कानाला सहज खुपणारा. सतारीचे पडदे सरकवता येतात. गंधाराचा पडदा हिरव्या दिव्यावर भरवसून लावलात, तर यमन वाजवताना तो मागच्या तानपुऱ्याशी भांडणार. पंचमात फरक दोनच सेंटचा. तरी सा काळी एकचा असेल, तर जोडीच्या तारा आणि पंचम एकत्र छेडल्यावर साधारण दर दोन सेकंदांनी एक लाट ऐकू येते. ती लाट थांबेपर्यंत मणी सरकवणं, यालाच तर तानपुरा लावणं म्हणतात.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. सुरांची पक्की चौकट आणि मींड न निघणं या आक्षेपांवरून ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती. ती सैल व्हायला 1971 उजाडलं. मधल्या काळात मैफली आणि भजनं काही पेटीवाचून थांबली नाहीत. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची हार्मोनियम तयार केली. म्हणजे बंदी घालून प्रश्न सुटला नाही. वाद्याची मर्यादा ओळखून काम करणाऱ्यांनी वाट काढली. ट्यूनरचंही तेच करायला हवं.

मग प्रत्यक्षात काय करायचं? तुमच्या ग्रुपमध्ये हार्मोनियम असेल तर आधी तिला विचारा, कारण पेटी स्टेजवर ट्यून करता येत नाही. ट्यूनरला माइक मोड असेल तर पेटीची पांढरी सहा दाबा, काटा मधोमध येईपर्यंत कॅलिब्रेशन बदला आणि मग त्याच आकड्यावर सगळ्या गिटार लावा. ‘माझी तर 440 वर परफेक्ट आहे’ हा हट्ट तिथे कामाचा नाही.

गाण्याच्या साथीला व्हायोलिन किंवा सतार असेल, तर ट्यूनरवर फक्त सा घ्या. काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, एवढं पाठ असलं की झालं. बाकीचे सूर तानपुऱ्यावरून, कानाने. तानपुऱ्यालाच क्लिप लावलीत तर जवारीमुळे काटा थरथरत राहील, घाबरू नका. तबल्याला क्लिप लावायला जागाच नाही आणि बासरीवरही तिचा फारसा उपयोग नाही. तिथे माइकच बरा.

आणि गिटारवाल्यांनो, सगळ्या तारा हिरव्या असूनही ई मेजर कॉर्ड किंचित टोचत असेल, तर तुमचा कान खराब नाही. त्या कॉर्डमधला गंधारही त्याच 14 सेंटने चढा आहे. तुम्हाला ते ऐकू येतंय, ही चांगली बातमी आहे.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅग मिळाला. त्याचं कौतुक करणारे रील्स आपण शेअर केले. पण तिथला कारागीर जवारी काढतो ती कानाने. तो फरक ऐकू शकणारे कानच पुढच्या पिढीत उरले नाहीत, तर टॅग कशाला मिळालाय हे ओळखणार कोण?

तेव्हा ट्यूनर जरूर घ्या. मात्र रोजच्या रियाजाला एक सवय लावा. आधी एकच तार ट्यूनरवर लावा, उरलेल्या कानाने जुळवा आणि शेवटी क्लिप लावून तपासा. सुरुवातीला लाल दिवे बरेच लागतील. महिनाभर मोजत राहा, किती कमी होतात ते.