मंडळीच्या नोंदवहीत नाव कोणाचे? नागपूर, मेथडिस्ट परंपरा आणि सभासदत्वाचा प्रश्न

१/ २९ नोव्हेंबर १९७०. नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या परिसरात सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र आल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’चा जन्म झाला. त्यांत ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते. अमेरिकी परंपरेच्या मेथडिस्टांनी मात्र त्याच वर्षी माघार घेतली. पुढे १९८१ मध्ये ते ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ या नावाने स्वायत्त झाले.

२/ अशा रीतीने मेथडिस्ट वारसा भारतात दोन घरांत विभागला गेला. दोन्ही घरांपुढे आज एकच प्रश्न आहे: समलिंगी किंवा पारलिंगी व्यक्तीला मंडळीचे पूर्ण सभासदत्व मिळावे काय? हा विवाहाचा प्रश्न नव्हे, पाळकपदाचाही नव्हे. प्रश्न नोंदवहीतील नावाचा, सभेतील मताचा आणि पुष्कळ ठिकाणी दफनभूमीतील जागेचाही आहे.

३/ उत्तराचा आरंभ १७४३ मध्ये सापडतो. जॉन वेस्ली यांनी त्या वर्षी आपल्या संघांसाठी सर्वसाधारण नियम प्रसिद्ध केले. प्रवेशासाठी त्यांनी एकच पूर्वअट घातली: पापापासून सुटका व्हावी ही मनापासूनची इच्छा. आचरणाची शिस्त कडक होती. दर तिमाहीला सभासदपत्र नव्याने मिळवावे लागे. परंतु ती शिस्त आत आलेल्यांसाठी होती, उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांसाठी नव्हे.

४/ त्याआधीची एक घटना फारशी सांगितली जात नाही. १७३२ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या तुरुंगात ब्लेअर नावाचा एक कैदी होता. त्याच्यावर समलिंगी संबंधांचा आरोप होता. लोकनिंदा पत्करून वेस्ली आणि त्यांचे सहकारी त्याच्या मदतीला गेले. यावरून वेस्ली आजच्या अर्थाने समर्थक ठरत नाहीत. पण कोणाला दूर लोटायचे नाही, हे त्यांच्या कृतीतून दिसते.

५/ अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चने १९७२ मध्ये समलैंगिकता ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत असल्याचे वाक्य आपल्या नियमांत घातले. २००५ मध्ये व्हर्जिनियातील एका पाळकाने समलिंगी पुरुषाला सभासदत्व नाकारले आणि चर्चच्या सर्वोच्च न्यायमंडळाने पाळकाचा तो अधिकार मान्य केला. समलैंगिकता हा सभासदत्वाला अडसर नाही, असे बिशपांनी लगेच जाहीर केले. तरी निर्णय कायम राहिला.

६/ या प्रकरणाचा धडा असा की नियम मौन पाळतो तेव्हा निर्णय एका माणसाच्या मर्जीवर जातो. ब्रिटिश मेथडिस्टांनी २०२१ मध्ये समलिंगी विवाहांना मान्यता दिली. अमेरिकेतील ते वाक्य २०२४ मध्ये वगळले गेले. यांपैकी काहीही भारतातील मंडळ्यांवर बंधनकारक नाही. येथील निर्णय येथेच व्हायचा आहे.

७/ ‘हे पाश्चात्त्य खूळ आहे’ हा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. कलम ३७७ हीच १८६० च्या वसाहतकालीन दंडसंहितेची देणगी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि २०१८ मध्ये प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले.

८/ शास्त्रवचनांचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडणारे अनेक आहेत. परंतु सभासदत्व म्हणजे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नव्हे. तसे असते तर कोणाचेच नाव नोंदवहीत चढले नसते.

९/ भारतीय चर्चने असा उंबरठा पूर्वीही पाहिला आहे. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधून जातिभेद हद्दपार करण्याचा आदेश काढला, तेव्हा मंडळ्या फुटतील अशी भीती होती. काही जण खरोखरच सोडून गेले. तरीही प्रभुभोजनाच्या मेजावर जात चालणार नाही, हे तत्त्व आज कोणी उघडपणे नाकारत नाही. व्यवहारात जात उरली आहे, म्हणूनच लेखी तत्त्वाचे मोल कळते.

१०/ राष्ट्रीय चर्च परिषदेचे मुख्यालय नागपुरातच आहे. लैंगिक वैविध्याविषयीच्या संवादासाठी तिच्या पुढाकाराने एक राष्ट्रीय मंचही उभा राहिला आहे. पण परिषद केवळ सल्ला देते. नाव नोंदवते ती मंडळी. ज्या शहरात सहा मंडळ्यांनी आपापल्या भिंती पाडल्या, तेथील मंडळ्यांनी एक वाक्य लिहून ठेवावे: लैंगिकता वा लिंगओळख या कारणावरून कोणाचेही सभासदत्व नाकारले जाणार नाही. वेस्लींच्या एकमेव अटीत त्यामुळे काहीही वजा होत नाही.