एक कोपरा मातीचा राहू द्या

आमच्या शाळेच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी मीच हो म्हणाले. चिखल नको, धूळ नको. मग तिसरीतल्या एका मुलीने वळचणीखालच्या कोरड्या मातीतले छोटे खड्डे दाखवले. "बाई, हे पण बुजवणार का?"

तो मुंगीसिंहाचा सापळा. मुंगीसिंह म्हणजे एका पंखवाल्या कीटकाची अळी. उलटं सरकत, गोल फिरत ती नरसाळ्यासारखा खड्डा करते आणि तळाशी दडून बसते. मुंगी घसरली, की डोक्याने माती उडवून तिला खाली पाडते. विळ्यासारख्या जबड्यांत पकडून रस शोषते, उरलेलं कवच बाहेर भिरकावते. पुढे माती आणि रेशमाचा गोल कोश करते. त्यातून चतुरासारखा दिसणारा कीटक बाहेर येतो.

त्या दिवशी आम्ही खड्ड्याभोवती उकिडवं बसून शिकार पाहिली. एरवी गोंगाट करणारी मुलं चक्क गप्प! हा पाठ स्क्रीनवर जमत नाही.

मी मुख्याध्यापकांशी बोलले, तेवढा पट्टा वाचला. स्वच्छता हवीच, पण शिक्षक मित्रांनो, पालकहो, शाळेत, अंगणात एक कोरडा कोपरा मातीचा राहू द्या. अळी उकरून डबीत भरू नका. मुलांना नुसतं बघू द्या.