चालकाचा श्वास मोजा, ड्युटीचा तक्ताही मोजा

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री मुंबईत कुर्ल्याला बेस्टची बस गर्दीत घुसली. सात माणसं दगावली, पुढे आकडा आणखी वाढला. सगळीकडून पहिला प्रश्न एकच आला : चालक प्यायला होता का? तपासणी झाली. तो प्यायलेला नव्हता. मग बाकीचं बाहेर आलं. गाडी कंत्राटदाराची, चालकही कंत्राटी. पूर्वी लहान गाड्या चालवलेल्या माणसाच्या हाती थोड्याशा प्रशिक्षणावर मोठी इलेक्ट्रिक बस दिलेली. चालकाचं रक्त तपासलं गेलं. ज्या कंत्राटाने त्याला त्या सीटवर बसवलं, त्याची तपासणी किती झाली?

मी हैदराबादमध्ये राहून सार्वजनिक वाहतुकीतल्या कामगारांवर पीएच.डी. करते. महाराष्ट्र आणि तेलंगणातल्या आगारांत चालक-वाहकांशी बोलते. आधीच स्पष्ट सांगते : दारू पिऊन बस चालवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. लाल डब्यात कोण बसतं? मजूर बाया, शाळकरी पोरं, तालुक्याच्या दवाखान्याला निघालेले म्हातारे. ती आपलीच माणसं आहेत. चाचणी झालीच पाहिजे. माझा विरोध आहे तो संशय जातीच्या उतरंडीप्रमाणे वाटण्याला.

एका आगारात मी पाहिलं, यंत्र सुरक्षारक्षकाच्या हातात होतं. फाटकावर, प्रवाशांसमोर, रांगेत फुंकर. निकालाची पट्टी चालकाला मिळत नाही. यंत्र शेवटचं कधी तपासलं, हे विचारायची कुणाची हिंमत नाही. एका चालकाच्या नावापुढे आकडा दिसला, तेव्हा पर्यवेक्षक आडनाव वाचून हसला आणि म्हणाला, "यांचं हे असंच." यंत्राने फक्त एक आकडा दाखवला होता. 'हे असंच' हा निकाल आधीच तयार होता.

हा निकाल जुना आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसं संशयित ठरवली. कायदा गेला, नजर राहिली. साहेबाच्या क्लबातला पेग 'सोशल ड्रिंकिंग' आणि चालकाची क्वार्टर 'व्यसन', हा फरक दारूतला नाही, माणसाच्या सामाजिक जागेतला आहे.

यंत्र खोटं बोलत नाही, असं म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावं. २०२५ मध्ये पंदळम आगारात फणस खाऊन आलेल्या चालकांच्या श्वासात यंत्राने दारू दाखवली. त्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की, फुंकर घेण्याआधी रिकाम्या हवेवर यंत्राने शून्य दाखवलं पाहिजे, नाहीतर पुढचा आकडा ग्राह्य नाही. तेलंगण उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये एसटीच्या एका चालकाची बडतर्फी रद्द केली, कारण नुसत्या श्वासचाचणीवर नोकरी घेता येत नाही. आणि १९७१ मध्येच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की, तोंडाचा वास, अडखळती चाल, अडखळतं बोलणं एवढ्यावरून माणूस प्यायला होता असं ठरवता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मर्यादा ठरलेली आहे : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. म्हणजे नियमांचा तुटवडा नाही. ते कुणासाठी पाळायचे, हा प्रश्न आहे.

वैमानिकाकडे बघा. त्याच्यासाठी मर्यादा शून्य आहे, चालकापेक्षा कडक. पण त्याची चाचणी वैद्यकीय प्रशिक्षण असलेला माणूस घेतो, कॅमेऱ्यात नोंद होते, आकडा दिसला तर काही वेळाने पुन्हा चाचणी होते. दोषी ठरला तरी पहिल्या वेळी परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित होतो. त्याला सुधारायची संधी आहे. बसचालकावर मात्र पहिल्याच आकड्यावर बडतर्फीची टांगती तलवार. दोघांच्याही हाती माणसांचे जीव आहेत. मग प्रतिष्ठा एकाच्याच वाट्याला का?

अमेरिकेत १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा अपघात झाला, पाच माणसं गेली, मोटरमन प्यायलेला होता. त्याच वर्षी वाहतूक कर्मचाऱ्यांच्या चाचणीचा कायदा झाला. तिथल्या नियमांप्रमाणे पहिल्या चाचणीत आकडा आला की किमान १५ मिनिटं थांबून दुसरी चाचणी घ्यावी लागते, आणि तिच्याआधी यंत्र रिकाम्या हवेवर शून्यावर आहे हे दाखवावं लागतं. दोषी कर्मचाऱ्याला व्यसनतज्ज्ञाची माहिती द्यावी लागते. त्या देशातही नोकऱ्या जातात, तिथे स्वर्ग नाही. पण चाचणी घेणाऱ्यावरही बंधनं असतात, एवढं तरी तिथे लिहून ठेवलेलं आहे.

आता थकव्याचं बोलू. १९४६ मध्ये मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारं विधेयक मांडलं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकांसाठी दिवसाला आठ तास आणि दोन ड्युट्यांमध्ये सलग नऊ तास विश्रांती ठरवली. मुक्कामी गाडीवरच्या चालकाला विचारा, त्या नऊ तासांत झोप किती लागते? डासांत, गाडीतल्याच सीटवर आडवा होणारा माणूस पहाटे साडेपाचला स्टिअरिंगवर बसतो. झोपेविना चाललेली गाडीही माणसं मारते. पण झोपेची फुंकर घेणारं यंत्र कुणी विकत घेत नाही, कारण त्याचा आकडा चालकाकडे नाही, ड्युटीचा तक्ता बनवणाऱ्याकडे बोट दाखवेल.

१७ जून २०२४ ला पश्चिम बंगालमध्ये कांचनजंगा एक्स्प्रेसला मालगाडी धडकली. त्याच दिवशी रेल्वे बोर्डाने मालगाडीच्या मृत लोको पायलटकडे बोट दाखवलं. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नल बंद असताना गाड्या चालवण्याच्या व्यवस्थेतल्याच त्रुटी समोर आल्या. मेलेला माणूस बोलत नाही, हे व्यवस्थेला पक्कं ठाऊक असतं.

म्हणून मागणी साधी आहे. यंत्राच्या तपासणीची तारीख फाटकावर लावा. रिकाम्या हवेवरचं शून्य चालकाला दाखवा. चूळ भरू द्या, १५ मिनिटांनी पुन्हा फुंकर घ्या. त्याने मागितली तर लगेच रक्तचाचणी करा आणि निकालाची प्रत त्याच्या हातात द्या. व्यसन असेल तर आधी उपचार द्या. त्याच कागदावर लिहा की गेल्या २४ तासांत त्याने किती तास गाडी चालवली आणि किती तास झोपला. तक्ता बनवणारा अधिकारी त्या कागदावर सही करू दे.

ही सही करायला कोण नकार देतो, ते पाहा. प्रवाशांच्या जिवाची काळजी कुणाला किती आहे, ते तिथेच कळेल.